एक श्वास पुढं

शाहूपुरीत सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावर सयाजीचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर घोंगडं. एरवी तिथं ऑर्केस्ट्रावाल्यांच्या नि भजनी मंडळांच्या कॅसेटी भरल्या जायच्या. २००३च्या उन्हाळ्यात 'यरीहो' बँडचा पहिला अल्बम तिथं सुरू झाला. गिटारवर अतुल, ड्रम्सवर तोहिद आणि गायला एस्तेर समुद्रे. गाणी येशूचीच, पण न्यू मेटलच्या ढंगाची. तारा ढिल्या करून काढलेला गिटारचा घोगरा घरघराट, आणि त्यावर एस्तेरची किंकाळी.

चर्चच्या कमिटीनं तिला बोलावून बजावलं होतं, "असलं किंचाळणं भरलंस, तर क्वायरमध्ये पाय ठेवायचा न्हाय."

"देवाला हाक मारायला कमिटीची परवानगी लागत न्हाय," असं म्हणून ती निघून आली. लहानपणापासून चर्चच्या त्याच गाणाऱ्यांच्या रांगेत, क्वायरमध्ये, उभी राहिलेली पोरगी. घरी येऊन किती रडली ते फक्त आईला ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत सगळ्यांच्या आधी हजर.

पहिलं गाणं भरून झालं, सयाजीनं ते परत लावलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एस्तेरच्या आवाजाखाली आणखी एक बाई गात होती. बारीक, कोरडा आवाज.

"आधीच्या कुणाचं तरी खाली राहिलं आसंल," अतुल म्हणाला.

सयाजीनं माईक बदलला, वायरी बदलल्या, सगळं पुसून नव्यानं भरलं. बाई होतीच. मग तोहिदच्या लक्षात आलं. "ही मागनं म्हणत न्हाय गा. पुढं हाय. एस्तेरनं शब्द उचलायच्या आधी हिचा येतोय."

एक श्वास आधी. बस्स.

एस्तेरनं हातातला कागद चुरगळून टाकला. "परत घ्या. आता बघू."

या खेपेला तिनं दुसरं कडवं तिथल्या तिथं रचलं. दार उघड, नाहीतर दारासकट आत येईन, असलं काहीबाही. पुढचा शब्द कुठला येणार, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. मग सगळ्यांनी ऐकलं. बाईनं ते शब्दानं शब्द म्हटलं होतं. एक श्वास आधी.

खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"ताई, थांबूया," सयाजी म्हणाला.

"कमिटी म्हणती थांब. आता हिच्यासाठी पन थांबू?" एस्तेरचा आवाज चढला. "तुमी वाजवा. मी तोंड मिटून घेतो. बघू एकटी काय म्हणती."

गाणं संपेपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले. परत लावलं तेव्हा गिटार होती, ड्रम्स होते. शब्दांच्या जागी काही नव्हतं. होता तो नुसता श्वास, माईकला तोंड टेकून कुणी वाट बघत असावं तसा. शेवटच्या ओळीपाशी तो आवाज हळूच म्हणाला,

"म्हण की."

तोहिदनं काठ्या खाली ठेवल्या.

एस्तेर माईकपाशी गेली. "म्हणतो की. पन माझ्या तोंडानं."

ती असं गायली की मानेच्या शिरा तटतटल्या. घशात रक्ताची चव आली, तरी शेवटची ओळ सोडली नाही.

परत ऐकलं. आवाज एकच होता.

"पळाली!" तोहिद ओरडला. अतुल रडत रडत हसत होता.

उरलेली गाणी त्याच दमात झाली. कमिटीच्या नाकावर टिच्चून सीडी निघाली. रविवारी दुपारी एस्तेरनं ती घरी लावली. आई ज्वारी निवडत बसली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मन लावून ऐकलं तिनं.

"चांगलं म्हटलंय की बाईनं," ती म्हणाली.

परातीतला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला आणि वर बघितलं.

"ह्यात तू कुठं गायलीस गं?"