साठ फुटांवरून

“सॉरी हं… पण यातला कुठला रंग साठ फुटांवरून दिसेल?”

वरदाने आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त शाम्पूच्या बाटल्या होत्या. समोर उभा होता एक उंचापुरा तरुण, पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि दोन्ही हातांत नेलपॉलिशची एकेक बाटली. बेसिंगस्टोकमधल्या केमिस्टच्या दुकानात, शनिवारच्या दुपारी, आणि चक्क मराठीत!

“तू आत्ता फोनवर मराठी बोलत होती,” तो घाईघाईने म्हणाला. “म्हणून विचारला. मराठी लोक रंगाचं खरं सांगतात. माझा आई तरी सांगते.”

“माझी आई,” वरदाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“ओह, तुझी पण?”

तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. “कोणासाठी हवंय नेलपॉलिश?”

“माझ्यासाठी.”

आता पुण्याच्या मुलीला धक्का बसत नाही असा तिचा आपला समज होता. कंपनीने वर्षभरासाठी इथल्या ऑफिसात पाठवल्यापासून तिने मे महिन्यात हीटर पेटलेले पाहिले होते, चिप्सवर व्हिनेगर ओतलेलं पाहिलं होतं. पण हे काही तिच्या यादीत नव्हतं.

मग उलगडा झाला. मुलाचं नाव अंशुमन. जन्म वेम्बलीचा, नोकरी इथे, डोळे तपासण्याची. आणि रविवारी बेसबॉल. “मी कॅचर आहे. म्हणजे आपला विकेटकीपर असतो ना, तसाच. बॅट्समनच्या मागे मी बसतो आणि पायांच्या मधे बोटं दाखवून पिचरला सांगतो, कुठला बॉल टाकायचा. एक बोट म्हणजे फास्ट, दोन म्हणजे वळणारा. पिचरने फक्त मान हलवायची. होय किंवा नाही. पण आमचा डेव्ह साठ फुटांवर उभा असतो आणि त्याला काहीच दिसत नाही. चष्मा लाव म्हटलं तर रागावतो. म्हणून नखं रंगवायची. अमेरिकेत मोठे मोठे कॅचर करतात, आय प्रॉमिस.”

“चार बोटं म्हणजे काय?” वरदाने उगाच विचारलं.

“चार आम्ही वापरत नाही.”

एवढं बोलून हा गृहस्थ बाटल्या घेऊन दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून एकेक बाटली उंच धरू लागला. “पहिला,” त्याने ओरडून विचारलं, “की दुसरा?” गल्ल्यावरच्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. वरदाला वाटलं, धरणी दुभंगावी. आणि तरी तिने दोन बोटं वर केली. दुसरा. झणझणीत लिंबाचा पिवळा.

त्याच्या डाव्या हाताचा अंगठा सुजून टम्म झाला होता, त्यामुळे उजव्या हाताची नखं रंगवणार कोण, हा प्रश्न होता. तो त्याने विचारलाही नाही. फक्त अंगठ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. शॉपिंग सेंटरच्या बाकावर वरदाने त्याचा हात गुडघ्यावर घेतला तेव्हा ती दुसऱ्यांदा हादरली. एक बोट मधेच वाकलेलं, एकाचा सांधा सुपारीएवढा. आणि तळवा मात्र मऊ आणि गरम.

“हे काय करून घेतलंयस बोटांचं?”

“हे काहीच नाही,” तो म्हणाला. “गॅबी स्ट्रीट म्हणून कॅचर होता. एकोणीसशे आठ साली त्याने वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या टोकावरून टाकलेला बॉल खाली उभं राहून पकडला. पाचशे फुटांच्या वरून.”

ब्रश हवेतच थांबला. “का?”

“पैज.”

“आणि डोक्यावर पडला असता तर?”

“आधीचे दहा-बारा चुकले ना. त्यातला एकही डोक्यावर नाही पडला.” हे सांगताना तो इतका खुशीत होता की वरदाला हसू आवरेना, आणि पिवळा रंग नखाबाहेर गेला.

झालं, तिथून दर रविवारचा परिपाठच पडून गेला. मैदानाच्या कडेला एक लाकडी टेबल होतं. मॅचच्या आधी अंशुमन त्यावर हात पसरून बसायचा आणि वरदा रंगवायची. रंग वाळेपर्यंत त्याला कशालाही हात लावायची बंदी. एरवी कोणी रिकाम्या हातांनी गप्प बसलं असतं, पण हा बोलायचा, आणि बोलायचा ते फक्त जगातल्या नामांकित कॅचरांबद्दल.

योगी बेरा हे नाव ऐकून तिला वाटलं, थट्टा करतोय. पण नाही. कोण्या मित्राने सिनेमात एक हिंदू योगी पाहिला, हा पोऱ्या तसाच मांडी घालून बसतो म्हणाला, आणि नाव चिकटलं ते कायमचं. छप्पन सालच्या वर्ल्ड सीरिजमध्ये पिचरने समोरच्या संघाच्या एकाही माणसाला पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही, तेव्हा हा योगी धावत गेला आणि सरळ त्या पिचरच्या अंगावर उडी मारून त्याला बिलगला.

“इतक्या लोकांसमोर?” वरदाने विचारलं.

“टीव्हीवर पण.”

“शी… काहीतरीच.” पण तिचे कान तापले होते, आणि करंगळीला तिने तिसरा हात दिला, जो मुळीच लागत नव्हता.

मो बर्गची गोष्ट ऐकून तर तिने तोंडात बोटं घातली. हा कॅचर हेर निघाला! जपानला खेळायला म्हणून गेला, तिथल्या एका इस्पितळात अमेरिकन राजदूताची मुलगी बाळंत झाली होती, तिच्यासाठी म्हणून फुलं घेऊन आत शिरला, आणि गेला थेट गच्चीवर. तिथून अख्ख्या टोकियोची फिल्म काढली.

“आणि ती मुलगी?”

“तिला भेटलाच नाही.”

“म्हणजे फुलं फुकट?”

अंशुमनने तिच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. “मी फुकट नाही घालवणार,” तो म्हणाला… आणि लगेच मान खाली घालून नखांवर फुंकर मारू लागला.

पुढच्याच आठवड्यात तो वरदाच्या घरी आला, हातात फुलं. वरदा ज्यांच्याकडे भाड्याने राहायची त्या सुप्रभामावशींनी दार उघडलं. मावशी चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, इस्पितळाच्या क्वार्टर्सपासून सगळं पाहिलेल्या. त्यांची नजर फुलांवरून फुलं धरलेल्या हाताकडे गेली आणि तिथेच थिजली. पाची नखं लिंबासारखी पिवळी.

“नमस्कार, मावशी. तुम्ही कशी आहात?” अंशुमन म्हणाला.

“बरी आहे… ये.” चहा टाकायला म्हणून वरदाला आत ओढून मावशी कुजबुजल्या, “अगं, मुलगा चांगलाय, पण त्याच्या नखांना… म्हणजे मी जुन्या वळणाची नाही हं, बट स्टिल…”

“मीच लावते ती, मावशी.”

मावशींनी आधण उतू जाऊ दिलं. मग बराच वेळ वरदाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “असं आहे होय.”

असंच होतं. वरदाला ते कळून चुकलं होतं. सोमवार ते शनिवार तिला नकोसे झाले होते, आणि रविवारी हातात त्याची वाकडी बोटं आली की जीव थाऱ्यावर येत होता. त्याच्याही मनात होतं, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. पण तो बोलेल तर शपथ. जवळ यायची वेळ आली की स्वारी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत पळून जायची.

ऑगस्टच्या अखेरीला तिने त्याला सांगितलं. वर्ष संपत आलं होतं. कंपनी अजून दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार होती, पण उत्तर सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी द्यायचं होतं. नाहीतर पुण्याचं तिकीट.

अंशुमनचा चेहरा पांढराफटक पडला. आता बोलेल, वरदाला वाटलं. आता तरी.

“रॉजर ब्रेसनहान,” तो म्हणाला, “पहिल्यांदा पायाला पॅड बांधून आला ना, तेव्हा लोक त्याला खूप हसले होते…”

वरदाने ब्रश बाटलीत खुपसला आणि झाकण घट्ट पिळलं. तिला रडू येत होतं आणि रागही. स्वतःच्या मनाशी तिने ठरवून टाकलं, की हा माणूस मला थांब म्हणाला तर मी थांबेन, आणि नाही म्हणाला तर जाईन. आईला, मॅनेजरला, मावशींना ती काहीही कारण सांगू शकली असती, पण खरं कारण हेच होतं.

त्या सोमवारचा आदला दिवस हा मोसमाचा शेवटचा रविवार निघाला. भुरभुर पाऊस होता, तोच तो इथला, पडतोय की नाही कळू न देणारा. वरदा बाटली घेऊन टेबलापाशी गेली. अंशुमन उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून उभा होता.

“आज नको,” तो म्हणाला. “आज मी… मीच लावलं.”

गालफडात बसावी तसं झालं तिला. सगळा उन्हाळा ज्या दहा मिनिटांवर तिने काढला, ती त्याने अशी सहज परत घेतली होती. तिने बाटली पर्समध्ये टाकली. चेन तशीच उघडी राहिली.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी सवय हवीच.”

ती गेटकडे वळली, पण डेव्ह आडवा आला. पेशाने प्लंबर, माणूस आडदांड. क्लबची पद्धतच होती, की शेवटच्या मॅचचा पहिला चेंडू क्लबबाहेरच्या, पण वर्षभर मदत केलेल्या माणसाने टाकायचा. गेल्या वर्षी चहावाल्या आजी होत्या. यंदा नखांवाली मुलगी. वरदा नको नको म्हणत असताना त्याने तिच्या हातात चेंडू कोंबला आणि तिला मैदानाच्या मधोमध त्या मातीच्या उंचवट्यावर नेऊन उभं केलं. टाळ्या पडल्या. छत्रीखालून सुप्रभामावशींनी हात हलवला.

सगळा उन्हाळा वरदाने खेळ पाहिला होता तो जाळीमागून, अंशुमनच्या पाठीमागून. तो पुढे काय दाखवतो, ते पिचरखेरीज कोणाला दिसत नाही. आज पहिल्यांदा तो तिच्याकडे तोंड करून बसला होता. मास्क, छातीवर ढाल, पायाला पॅड. त्याने उजवा हात खाली सोडला.

चार बोटं.

चार आम्ही वापरत नाही, म्हणाला होता. वरदा गोंधळली. नखं पिवळीच होती, आणि त्यांवर काळं काहीतरी. मुंग्या बसल्यासारखं. तिने डोळे बारीक केले, काही कळेना. बोटं हलत नव्हती.

ती उंचवट्यावरून उतरली. कोणीतरी हसलं. मागून डेव्ह ओरडला, “लव्ह, तिथूनच टाकायचा!” ती चालत राहिली. अर्ध्या वाटेत कळलं की ती अक्षरं आहेत. आणखी जवळ गेल्यावर कळलं की ती उलटी आहेत, कारण लिहिताना हात पुढे होता आणि आता बोटं जमिनीकडे. कॅचरच्या अगदी पुढ्यात उभी राहून, भर पावसात, सगळ्या गावासमोर वरदाने मान तिरकी केली आणि वाचलं. एका नखावर एक. सुजलेल्या अंगठ्याने काढलेली, पहिलीतल्या मुलाची असावीत अशी वेडीवाकडी.

जा. ऊ. न. को.

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, तर तिचा विश्वासच बसेना. तिने पुन्हा वाचलं. तेच होतं.

“तू… तू दिवसभर लोकांना लांबून अक्षरं वाचायला लावतोस,” तिचा आवाज चिरकला. “साठ फुटांवरून हे कोणाला दिसणार होतं?”

“कोणालाच नाही,” तो मास्कच्या आतून म्हणाला. “मला माहीत होता.”

“मग?”

त्याने मास्क काढला. तोंड लालबुंद झालं होतं, ओठ कोरडे. “तू चालत येते का, ते बघायचं होतं.”

वरदाने हाताची घडी घातली. डोळे भरून आले होते, पण इतक्या स्वस्तात सोडायला ती तयार नव्हती. “आलेय. आता तोंडाने सांग.”

“एकोणीसशे—”

“अंशुमन.”

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही कॅचर आठवला नाही, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. “मला भीती वाटते,” तो म्हणाला. “तुझं पुणे तिकडे आहे, आई-बाबा तिकडे. मी कसा सांगू, थांब म्हणून. पण… तू गेली तर मला रविवार नको. मला कुठलाच वार नको. वरदा, मला तू खूप आवडते. जाऊ नको.”

व्याकरण जागोजागी चुकलं होतं. तिने एकही चूक दुरुस्त केली नाही.

ती वळली आणि काही न बोलता उंचवट्यावर परत गेली. मावशींनी छत्री खाली केली होती. अंशुमनने मास्क घातला, गुडघ्यावर बसला, आणि त्याची ती चार बोटं पुन्हा खाली आली.

पिचरने फक्त मान हलवायची असते.

वरदाने मान हलवली. होय.

मग तिने चेंडू टाकला, तोही बरा सरळ गेला. सगळ्या मोसमात ज्याच्या हातून फारसं काही निसटलं नव्हतं त्या कॅचरने तो पकडायला हातच वर केला नाही. चेंडू त्याच्या खांद्यावरून गेला आणि जाळीपाशी चिखलात जाऊन थांबला. अंशुमन मास्क भिरकावून, ढाल-पॅडांसकट धावत सुटला होता, आणि त्याचा वेग बघून वरदाला छप्पन सालचा तो योगी आठवला.

“अंशुमन, उडी मारू नकोस हं,” ती मागे सरकत म्हणाली, “मी पडेन…”

पण हात तिने पसरले होते.