छाती भरलेली, तरी गुदमरलेली

छातीत हवा गच्च भरलेली असताना माणूस गुदमरतो कसा? सांगा! मला गेल्या आठवड्यापर्यंत सांगता आलं नसतं, आणि गुदमरत तर मीच होते.

धरणावरच्या तरंगत्या प्रयोगशाळेत आमच्या शाळेतले सहाजण आठ दिवस राहायला जाणार होते. अट एकच: शनिवारी दोनशे मीटर न थांबता पोहायचं. आमच्या वाडीच्या विहिरीत बुडी मारून सगळ्यांत जास्त वेळ दम धरणारी ती मी, शाल्मली घोरपडे! पण शाळेच्या तलावात पन्नास मीटर झाले, की मी काठाला लटकलेली.

"काय गं विहिरीची राणी, एवढ्यातच स्टेशन आलं?" मामेभाऊ इंद्रजित ओरडला.

शेवटी पोहायला शिकवणारा यंत्रमानव पाण्यात उतरला. आम्ही त्याला पाणकोंबडा म्हणतो. तो रागावत नाही. त्यानं माझ्या मनगटाला संवेदक (शरीरातले बदल मोजणारं छोटं यंत्र) बांधला आणि मला पोहायला लावलं.

"रक्तात ऑक्सिजन सत्त्याण्णव टक्के. भरपूर आहे."

"मग जीव का घाबरतोय माझा?"

"तोंड पाण्यात असताना तू काय करतेस?"

"दम धरते. अजून काय करणार?"

"तिथेच चुकतंय. पोहताना शरीरात कार्बन डायऑक्साइड (उच्छ्वासातून बाहेर टाकायचा वायू) तयार होतो. दम धरलास की तो आतच साठतो. मेंदूस्तंभ (मेंदूचा मानेजवळचा भाग) मुख्यतः त्याच्यावरच लक्ष ठेवतो. तो वाढला की 'श्वास घे' अशी हाकाटी सुरू! शिवाय तोंड वर काढल्यावर क्षणभरात जुनी हवा सोडून नवी घ्यायची, कसं जमेल?"

"मग आधीच जोरजोरात श्वास टाकून तो वायू कमी करते की!"

"अजिबात नाही!" पाणकोंबड्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हाकाटी उशिरा होईल, ऑक्सिजन मात्र संपत राहील. पाण्यातच शुद्ध हरपेल."

मी लगेच ऐकलं. (ही बातमीच आहे.)

मग रीत शिकले. तोंड पाण्यात असेपर्यंत सावकाश बुडबुडे सोडत राहायचं. तीन हात मारायचे, तिसऱ्याला मान नुसती बाजूला वळवायची, श्वास आत, पुन्हा तोंड पाण्यात. पाण्यात 'हूंऽऽ' म्हटलं की हवा आपोआप सुटते. पहिल्या दिवशी निम्मा तलाव प्यायले. "म्हैस डुंबतेय!" इति इंद्रजित.

शनिवारी दीडशे मीटरला वळताना नाकात पाणी गेलं आणि जुनी सवय उसळली. मी दम धरला. लगेच छातीत हाकाटी. काठ तर हाताशीच! घाबरलेलं असताना जवळ आहे ती हवाही सोडून देणं भयंकर अवघड असतं. मी सोडली. भसाभसा बुडबुडे. मान वळवली, आणि नवी हवा भरभरून आत आली.

दोनशे!

"दमलीस?" इंद्रजितनं हात दिला.

"दमले रे. पण गुदमरले नाही."

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेची बोट आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन गाळून घेणारा पडदा तिथं बनवतायत म्हणे. माझे अकरा प्रश्न आत्ताच लिहून झालेत.