टेबलावरचे डोळे

“चाकं सायकलची, पेटी लाकडाची. आणि गाडी ओढणार कोण?” कप्तानने विचारले.

“ठोकळा!” भिंगरी टाळ्या पिटत ओरडली.

“मीच का म्हणून?” ठोकळ्याने विचारले. त्याचे नाव असे पडले होते, कारण एकदा विचारात पडला की तो जागचा हलत नसे.

“कारण पेटीत मी बसणार!” भिंगरी म्हणाली. ती तिघांत सर्वांत धाकटी.

सर्वांत मोठी कप्तान. तिने अंगणातल्या मातीवर काडीने गाडीचा नकाशा काढला होता. सुट्टीसाठी तिन्ही भावंडे मामा आणि मावशीकडे आली होती. मामा-मावशी सख्खी बहीणभाऊ आणि घरामागची लांबट खोली म्हणजे दोघांची कार्यशाळा. उजवीकडे मावशीचे सुतारकाम: रंधे, करवती, पटाश्या, प्रत्येक हत्यार आपापल्या खुंटीवर. डावीकडे मामाची सायकलदुरुस्ती: छताला टांगलेली चाके, खिळ्यांवर अडकवलेल्या साखळ्या. दुपारी खिडकीतून ऊन आत आले की हवेतला भुसा सोनेरी होऊन सावकाश तरंगत राही आणि चाकांच्या तारांच्या सावल्या जमिनीवरून हळूहळू सरकत. तिथे उभे राहिले की आवाज आपोआप खाली येई.

त्या दिवशी मात्र आतून मावशीचा चढलेला आवाज आला.

“पुन्हा! पुन्हा तेच झालं!”

तिघे धावत दाराशी पोहोचले. खोलीच्या मधोमध वाचनालयासाठी बनवलेले टेबल उभे होते. लहान मुलांसाठी, म्हणून ठेंगणे, गोल कडांचे. वॉर्निशचा ताजा थर तळ्यासारखा चमकत होता आणि त्या चमकत्या थरात असंख्य बारीक गोल खड्डे उघडले होते.

“डोळे!” भिंगरी कुजबुजली. “टेबल आपल्याकडे बघतंय.”

“बघतंय कसलं? रडतंय!” मावशी म्हणाली. “आधीचा थर खरवडून काढला, लाकूड घासलं, नवा थर दिला, तरी हेच! शनिवारी ग्रंथपालबाई टेबल पाहायला येणार. नीट झालेलं नसेल तर त्या दुकानातून पत्र्याचं आणणार आहेत. इतके दिवस राबले मी यावर.”

मामा साखळीवर फवारा मारता मारता म्हणाला, “ताई, ही पोरं दिवसभर आत-बाहेर करतात. धूळ उडणारच!”

मावशीने तिघांकडे पाहिले. रागापेक्षा त्या नजरेत थकवाच जास्त होता. “टेबल होईपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही. तुमची गाडीही नंतर.”

“पण मावशी—”

“नाही म्हटलं ना!”

दार लागले. अंगणात कप्तानने पाय आपटला. “चोर सोडून संन्याशाला फाशी! आपण हातसुद्धा लावला नव्हता.”

“गाडी राहू दे,” ठोकळा म्हणाला. “मावशीचा चेहरा पाहिलास?”

मग तिघे व्हरांड्यातल्या खिडकीला नाक लावून बसले. आत पाऊल टाकायची बंदी होती. बाहेरून पाहायची नव्हती! टेबल उन्हात शांत पहुडले होते. पाहता पाहता जणू आपणही पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कुणी डोकावते आहे, असे वाटू लागले.

बऱ्याच वेळाने ठोकळा हलला. “धूळ नाहीये ती.”

“कशावरून?”

“वरून धूळ पडली तर टेंगळं येतील. हे तर खड्डे आहेत. तेलकट ताटावर पाणी टाकलं की ते मागे सरतं ना? तसं वॉर्निश लाकडापासून मागे सरलंय.”

“आणि ते कसेही पसरलेले नाहीत,” भिंगरी म्हणाली. “अर्धगोल, अर्धगोल. मावशी टेबल पुसते तसे!”

कप्तान ताडकन उभी राहिली. “पुसते! वॉर्निश लावण्याआधी मावशी फडक्याने भुसा पुसते. फडकं येतं कुठून?”

तिघांची नजर एकाच ठिकाणी गेली. दोघांची सगळी हत्यारे वेगळी होती; मावशीच्या पटाशीला मामा हात लावत नसे आणि मामाच्या पान्याला मावशी. परंतु जुन्या चादरी फाडून केलेल्या फडक्यांचा खोका मात्र एकच, दोघांच्या मध्ये, खिडकीपाशी.

तेवढ्यात मामाने साखळीवर पुन्हा साखळी गुळगुळीत ठेवणारा सिलिकॉनचा तेलकट फवारा मारला, फडक्याने ती पुसली, फडके उजेडात उलटसुलट करून पाहिले, हुंगले आणि नीट घडी करून खोक्यात परत ठेवले!

“अरेच्चा!” तिघेही एकदम म्हणाले.

“लगेच सांगू या!” भिंगरी उठली.

कप्तानने तिला खाली बसवले. “नुसतं सांगून मामा ऐकेल? आधी पडताळा.”

तिने खिडकीतून हात घालून खोक्यातले एक फडके उचलले. व्हरांड्यात टाकाऊ फळ्या पडल्या होत्या, कोपऱ्यात वॉर्निशचा उरलासुरला डबाही होता. एक फळी त्यांनी खोक्यातल्या फडक्याने पुसली, दुसरी घरातल्या धुतलेल्या कपड्याने, तिसरी नुसती फुंकर मारून साफ केली. तिन्हींवर वॉर्निश फिरवले आणि तिघे पाहत राहिले. पहिल्या फळीवर एक डोळा उघडला. मग दुसरा, तिसरा... उरलेल्या दोन्ही फळ्या आरशासारख्या स्वच्छ!

तिघांनी फळ्या खिडकीतून मामा-मावशीला दाखवल्या. मामाने मात्र कानावर हात ठेवले. “माझं फडकं? छे! ना डाग, ना वास! चांगलं कापड टाकून कसं देणार? तुमच्याच हातांना काहीतरी लागलं असेल.”

“असेल,” कप्तान गोड आवाजात म्हणाली. “म्हणून या वेळी तू नि मावशीच करून बघा. मामा, खोक्यातलं सगळ्यात स्वच्छ फडकं तूच निवड ना. तुझी नजर तयार आहे.”

मामा खूश झाला. त्याने खोका उपसला आणि एक शुभ्र फडके झेंड्यासारखे फडकावले. “हे घ्या! यावर जेवण वाढा!”

“त्याचा फाटका कोपरा आठवतोय. कालच फवारा मारून त्याने तू मागचं चाक पुसलंस,” ठोकळा शांतपणे म्हणाला.

“पुसलं असेल! दिसतंय का काही?”

मावशीने एक कोरी फळी घेतली, त्याच फडक्याने पुसली आणि ब्रश फिरवला. उन्हातला भुसा तेवढा तरंगत होता. वॉर्निश क्षणभर सपाट राहिले. मग हळूच, झोपेतून जागे झाल्यासारखे, डोळे उघडू लागले.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!” मावशी म्हणाली आणि मामाकडे वळली. “काय रे?”

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “ताई... मला वाटलं, दिसत नाही म्हणजे नाहीच.” तो मुलांकडे वळला. “आणि आळ घेतला तुमच्यावर. चुकलं माझं.”

“मग आता बाह्या वर सार!” मावशीने फर्मावले.

खोक्यातली सगळी फडकी बाहेर गेली. फवाऱ्याची बाटली अंगणात गेली आणि मामाच्या फडक्यांसाठी वेगळा डबा आला. खराब थर खरवडून मामाने थिनरने टेबल पुन्हा पुन्हा पुसले, दर वेळी नवे कापड घेऊन. मग मावशीने पॉलिश पेपरने ते घासून गुळगुळीत केले आणि पहिला थर दिला. सगळे टेबलाभोवती उकिडवे बसले. एक डोळाही उघडला नाही!

शनिवारच्या सकाळी शेवटचा थर द्यायचा राहिला होता. मावशीने ब्रश वॉर्निशमध्ये बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला आणि कप्तानपुढे धरला.

“मी?” कप्तानने विचारले.

“तिघांनी. मी माझा ब्रश आजवर कुणाच्या हाती दिलेला नाही,” मावशी म्हणाली. “तुमच्या मामाच्याही नाही. पण बारकाईने पाहायचं, अंदाजावर न थांबता पडताळायचं आणि मगच तोंड उघडायचं, हे ज्याला जमतं त्याच्या हाती तो शोभतो. लाकडाच्या रेषेबरोबर चला. घाई नको.”

तिघांनी पाळीपाळीने ब्रश फिरवला. शेवटचा पट्टा भिंगरीने कडेपर्यंत नेला आणि ब्रश उचलला. खिडकी, झाड आणि ढगाचा एक पांढरा तुकडा त्या ओल्या लाकडात सावकाश स्थिर झाला. दाराशी उभ्या असलेल्या ग्रंथपालबाई आत यायचे विसरून तिथेच थांबल्या होत्या.