बदललेला होला

"माझा होला कुणीतरी बदललाय!" नर्सबाई दारातूनच म्हणाल्या.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. हरवलेलं शोधून देणं हा त्यांचा व्यवसाय. सोबतीला त्यांचे धाकटे दीर. त्यांना सगळेच भावजी म्हणत, आणि ते हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

"पिंजरा रिकामा नाही ना?" भावजींनी विचारलं.

"नाही. पण आतला तो नव्हे! पंख मोडला होता बिचाऱ्याचा. दोन महिने शुश्रूषा केली, उद्या स्वतःच्या हाताने सोडणार होते. तो 'कु-कूऽऽ-कु' घुमायचा. हा नुसता गुरगुरतो. आमच्या ह्यांना वाटतं, मला भास होतोय."

नर्सबाईंच्या गॅलरीतल्या पक्ष्याच्या मानेवर काळी रेघ होती.

"कंठी होलाच की," भावजी म्हणाले.

वहिनी वाकून पाहत राहिल्या. पंखांच्या टोकांपुढे शेपूट जेमतेम दिसत होती.

वरच्या मजल्यावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आठवड्यापूर्वी मीच वजन केलं. पावणेदोनशे ग्रॅम. त्यानंतर पाहिला नाही."

नर्सबाईंची सूनबाई पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिने आपणहून वही आणली. तिने काढलेल्या चित्रात आधीचा होला फिकट राखाडी होता, शेपूट चांगली लांब.

शिंपीकाका, म्हणजे नर्सबाईंचे यजमान, मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मानेवर रेघ आहे ना? मग तोच. ही राईचा पर्वत करतेय."

त्यांच्यामागे खुंटीला एक कापडी पिशवी होती. तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने भोकं, प्रत्येकाची कड दोऱ्याने सुबक शिवलेली.

"एवढी काजं, आणि बटण एकही नाही!" भावजी हसले. मग कानाशी लागले, "वहिनी, डॉक्टरच असणार."

वहिनींनी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं.

"नर्सबाई, तुमचं खरं आहे. ही लाल होल्याची मादी. कंठी होल्यासारखीच दिसते, रेघही तशीच. पण अंगाने बारकी, रंगाने गडद, शेपटीने आखूड, आणि आवाज वेगळा. डॉक्टरांनी किंवा सूनबाईंनी बदली पक्षी आणला असता, तर इतकी ढोबळ चूक केली नसती. ज्याला फक्त रेघ ठाऊक, त्यानेच हा आणला. आणि आणताना पक्षी गुदमरू नये म्हणून पिशवीला भोकं पाडली. दुसऱ्या कुणी नुसती कात्री चालवली असती. भोकालासुद्धा काज करणारा माणूस या घरात एकच."

शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसला.

"दाणे घालायला दार उघडलं, आणि गेला गं. तू इतकी आस लावून बसली होतीस. सांगायला तोंड नव्हतं. म्हणून बाजार पालथा घातला."

भावजी दोन पावलं मागे सरकले. आता काकांची धडगत नव्हती.

"गेला म्हणजे?" नर्सबाईंनी विचारलं. "पडला?"

"छे! थेट समोरच्या टाकीवर. एका दमात!"

"मोडलेला पंख?"

"दोन्ही सारखे चालत होते. हे असे!"

सत्तरीचे काका हात पसरून गॅलरीभर धावले आणि कठड्याशी धापा टाकत थांबले. नर्सबाईंचे डोळे भरून आले होते, आणि हसू आवरत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुन्हा दाखवा."