पोत्यावरचा अवघड शब्द

"पोती अर्धी झालीच कशी?" मामा कडाडले, आणि बर्फाच्या कारखान्याच्या गोदामात लपाछपी खेळणारी तीन मुलं जागच्या जागी थबकली.

मामा म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. त्यांच्यापुढे स्टोअरकीपरकाका मान खाली घालून उभे होते. बर्फ गोठवायच्या टाकीतल्या पाण्यात घालायला यंदा मिठाऐवजी नवा पांढरा क्षार आणला होता. त्याची सहाच्या सहा पोती खपाटीला गेलेली, आणि फरशीवर हे एवढं पाणी!

"क्षार विकलात आणि भिजून वाहून गेला असं भासवायला वर पाणी ओतून ठेवलंत! उद्या मालक येतील. तोवर किल्ल्या द्या इकडे!"

"साहेब, बावीस वर्षं झाली मला इथे. थेंबभर पाणी सांडलं नाही मी." काका म्हणाले.

"काका आणि चोर? छे!" मामांचा मुलगा बटाटा कुजबुजला. "आपण शोधून काढू!"

त्याची आतेबहीण डिक्शनरी मात्र पोत्यांवरची अक्षरं बघत होती. एरवी इंग्रजी शब्द विचारायचा अवकाश, ही अर्थ सांगून मोकळी! पोती आली तेव्हा मामांनी तिला त्यावरचा 'डेलिक्वेसंट' हा शब्द विचारला होता. बाईसाहेबांनी तो जन्मात ऐकला नव्हता. पण सगळे बघत होते ना! "हवेशीर ठेवायची वस्तू," तिने ठोकून दिलं. मामांनीही खात्री न करता काकांना पोत्यांची तोंडं उघडायला लावली.

"पोत्यांचंच पाणी झालं असेल तर?" डिक्शनरीची धाकटी बहीण चिमणी हिने विचारलं.

"पोती म्हणजे काय आईस्क्रीम आहे?" बटाटा खिदळला. पण त्याने हात न लावता चमच्याने थोडा क्षार बशीत काढला, थोडा घट्ट झाकणाच्या बाटलीत भरला आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाटलीतला क्षार कोरडा ठणठणीत, आणि बशीत चक्क पाणी! डिक्शनरीने धावत जाऊन मामांच्या टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडला. 'हवेतला ओलावा शोषून त्यातच विरघळणारा.' तिचे कान तापले. कुठे तोंड लपवू, असं झालं तिला.

"तुझं नाव नको घ्यायला. बशीच दाखवू," बटाटा म्हणाला.

मालकांनी बशी पाहिली, बाटली पाहिली. "वा रे पोरांनो! म्हणजे चोरी नाहीच. पण पोत्यांची तोंडं उघडी ठेवली कोणी?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. तोंडं कोणाच्या सांगण्यावरून उघडली ते काकांना ठाऊक होतं, पण त्यांनी डिक्शनरीकडे नुसतं पाहिलं आणि नजर वळवली. ते तिला फार लागलं.

"माझ्यामुळे!" ती रडतच म्हणाली. "मला अर्थ येत नव्हता. थाप मारली मी. काका, चुकलं माझं!"

मामांचा चेहरा पडला. "उघडा म्हणून सांगणारा मी. कोश टेबलावर असून बघितला नाही, वर तुम्हालाच चोर म्हटलं. माफ करा मला." त्यांनी किल्ल्या काकांच्या हातात ठेवल्या.

"शाबास! चोर पकडण्यापेक्षा हे अवघड होतं," मालक म्हणाले. डिक्शनरीला मात्र मान वर करवेना.

काकांनी शेल्फवरचा एक डबा पुढे केला आणि त्यावरच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द काय गं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"माहीत नाही, काका."

"मग बघून ये," काका खुर्ची ओढत म्हणाले. "सावकाश बघ. आम्ही थांबतो."