राखणताण

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि खणखणत, स्वतःभोवती गोल फिरत, बऱ्याच वेळाने एकदाचं गप्प झालं.

निःस्वन कक्षात असा आवाज म्हणजे परीक्षेच्या वर्गात फटाका. या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकत. इथे मोठ्याने खोकायला, काही खायलासुद्धा मनाई होती. महासंघाची मान्यता मिळालेली सांगलीतली पहिली चिअरलीडिंग स्पर्धा आज नव्या क्रीडासंकुलात भरली होती आणि रिंगणात उतरण्याआधी प्रत्येक संघाला या खोलीत येऊन मोजून घ्यावं लागे. एकदा संघ आत आला की दार बंद. ते पुकारा झाल्यावरच उघडायचं, तेही रिंगणाच्या बाजूने.

झाकण पाडणारी दुसरीतिसरी कोणी नव्हती, खुद्द मुख्य पंच होती. डॉ. संहिता नाडगौडाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. या खोलीचे नियम तिनेच लिहिले होते, तेव्हा एखादा आपल्यापुरता जरा वाकेल असं तिला वाटलं होतं. आता निम्मी आमटी ओढणीवर होती. आणि समोरच्या पडद्यावर पाच रेघांपैकी चार ताडकन उसळल्या होत्या.

पाचवी जागची हलली नव्हती.

"वा, मॅडम! पंचांनीच नियम मोडला," महासंघाचे सुरक्षा निरीक्षक मुजावर म्हणाले. निवृत्तीपर्यंत त्यांनी पुलांची तपासणी केली होती. पोरींच्या कसरतींची पहिल्यांदाच करत होते. "ते राहू द्या. ही खालची रेघ कुणाची? पोरगी झोपली का काय?"

पोरगी झोपली नव्हती. मानेमागे पट्टे लावून गादीवर ओळीने बसलेल्या पाच जणींत ती शेवटची, डोक्यावर तिच्या चेहऱ्याएवढा रिबिनीचा फुगा, गालांवर चमकी. आईने आपल्याकडे बघितलंय हे दिसताच तिने मांडीवरची दोन बोटं हळूच हलवली. आठ वर्षांची स्पृहा. संहिताची मुलगी.

"हे यंत्र मला एकदा नीट सांगा बरं," मुजावर म्हणाले. "सही मला करायचीय."

"सोपं आहे, सर. समजा, तुम्हाला कोणी वर उडवलं..."

"मला? क्रेन मागवावी लागेल."

मुली फिस्सकन हसल्या. पडद्यावरच्या चारही रेघा थरथरून खाली बसल्या.

"...तर हात सुटायच्या आधीच तुमची मान आणि पाठ आखडते. तुम्ही ठरवून आखडत नाही. शरीर आपली आपण राखण करतं. त्याला आम्ही राखणताण म्हणतो. खालचे हात झेलणार याची शरीराला खात्री असेल तर हा ताण येतच नाही. मानेमागचा पट्टा तेवढंच मोजतो. रेघ वर गेली की शरीर घाबरलं, खाली असली की निर्धास्त."

"आणि सोंग केलं तर?"

"करताच येत नाही. पापणी लवायची थांबवा बघू, तसं आहे ते. आमच्याकडे जी वर जाते ती शेंडा, खालच्या दोघी पाया, मागची पाठराखी. पायाच्या मुलीचं मनगट जरा कापलं तरी शेंड्याच्या तळपायाला कळतं. मुलीला कळत नाही, तिच्या पाठीला कळतं. दहा पंचांना दिसणार नाही ते."

"म्हणून पायाच्या मुलींना पट्टे नाहीत."

"गरजच नाही. पाया कसा आहे, ते शेंडाच सांगतो."

हा पट्टा संहिताने सहा महिन्यांच्या स्पृहाला मांडीवर घेऊन, ती झोपेल तेवढ्या वेळात, कच्च्या आराखड्यांवर दुधाचे डाग पाडत तयार केला होता. शेजारच्या एका राज्यात एक मुलगी उंचावरून पडून कायमची अंथरुणाला खिळली, त्यानंतर महासंघाने तो सक्तीचा केला. रेघ हिरव्या पट्ट्यात असेल तर दुहेरी गिरकीच्या उडवणीला आपोआप परवानगी. तांबड्यात गेली तर संघाने साधे थर लावून खाली उतरायचं. पंचाचं मत विचारातच घ्यायचं नाही. वशिला संपला, ओरड संपली. नात्यातल्या पंचावरची बंदीसुद्धा उठली, कारण पंचाच्या हातात आता वाकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फक्त एक अट आली: ज्या दिवशी तुम्ही पंच, त्या दिवशी तुम्ही पालक नाही. त्या दिवसापुरती मुलीची जबाबदारी प्रशिक्षकाची. तीही अट संहितानेच सुचवली होती, आणि बैठकीत तिच्यासाठी टाळ्या पडल्या होत्या.

ओढणी धुवायला ती काचेपलीकडच्या मोरीत गेली. काच दुधी होती. पलीकडचं माणूस दिसत नसे. हळदीचा डाग काही निघेना. तशीच ओली ओढणी पिळत ती बाहेर आली, तर मुजावर पडद्यासमोर उभे होते.

"मॅडम, पुन्हा आत जा."

"का हो? डाग दिसतोय?"

"जा तर खरं."

ती गेली. दहा श्वास मोजून परत आली. मुजावरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पाचवी रेघ उंच उठून नुकती खाली येत होती, एखादं मूल रडं थांबवून हुंदके गिळतं तशी.

"तुम्ही काचेआड गेलात की ही उठते. दिसलात की बसते. बाकीच्या चार जणींना काही फरक नाही."

संहिताने स्वतः करून बघितलं. दोनदा. मग खुर्चीत बसली आणि ओली ओढणी मांडीवर तशीच राहिली.

मुजावर खालच्या आवाजात म्हणाले, "एकदा एका पुलावर आम्ही भारमापक बसवला होता. कितीही ट्रक जाऊ देत, आकडा मस्त! नंतर कळलं, त्याचा एक पाय पुलावर नव्हताच, शेजारच्या कातळावर टेकला होता. पूल हलत होता, कातळ कसा हलेल?"

"पट्टा विश्वास मोजतो," संहिता म्हणाली. "कुणावरचा, ते मोजत नाही."

"रिंगणात तुम्ही कुठे बसणार?"

याचं उत्तर तिने द्यायची गरज नव्हती. वर गेलेल्या शेंड्याने पंचांच्या टेबलाकडे बघायचं, डोळ्यांत डोळे घालून हसायचं, हा या खेळाचा रिवाजच. त्याचे वेगळे गुण असत. स्पृहा वर जाईल, आईला बघेल, हसेल, आणि तिच्या पाठीला खालचं काहीच ऐकू येणार नाही.

तेव्हाच तिचं लक्ष भिंतीशी बसलेल्या पायाच्या मुलींकडे गेलं. स्पृहाचा उजवा पाय पेलणारी ऋतुजा पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडत होती, आणि उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही, काकू." ऋतुजाने आधी प्रशिक्षकांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

संघाच्या प्रशिक्षक जयमाला पाटोळे उठून पुढे आल्या. "जरा मुरगळलंय. परवाच डॉक्टरांनी बघितलं, पट्टी बांधलीय. पळतेय की घोड्यासारखी."

"पाटोळे मॅडम, उडवणी रद्द करा. साधे थर लावा."

"का? रेघ हिरवी आहे ना?"

"रेघ खोटी आहे."

पाटोळे हसल्या, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "गेल्या वर्षी माझ्या पोरींची रेघ दोन बोटं तांबड्यात गेली, तेव्हा मी हात जोडून विनवण्या केल्या होत्या तुम्हाला. काय म्हणालात? माणसाच्या डोळ्यावर जायचं नाही, पट्टा सांगेल ते. आता स्वतःची पोरगी वर जायची म्हटल्यावर डोळा आठवला होय?"

बाई खरं बोलत होत्या.

तिने मुजावरांकडे बघितलं. ते मान हलवत होते. "माझ्या हातात सही आहे, मॅडम, पण कशाच्या आधारे नाकारू? मनगटाला नियमात कलमच नाही. तुम्ही टेबलावरून उठून गेलात तर?"

"तर ती वर गेल्यावर मला शोधेल. मी दिसले नाही की हवेत असताना आखडेल. आखडलेलं अंग दुखऱ्या मनगटावर येईल." तिचा आवाज अगदी व्याख्यान दिल्यासारखा सरळ होता. "बसले तर धोका कळणार नाही. उठले तर धोका मीच."

लेकीला उचलावं आणि चालू पडावं! पण दार बंद होतं, आणि आज ती तिची पालक नव्हती. शिवाय आज नेलं तरी पुढच्या स्पर्धेत, पुढच्या गावी, हीच सपाट रेघ पोरीच्या मानेमागे जाणार. जिथे आई दिसेल तिथे ती हिरवीच.

मग सांगूनच टाकावं. संहिता स्पृहासमोर उकिडवी बसली.

"आई, माझा फुगा वाकडा झालाय का?"

"नाही गं, छान आहे. स्पृहा, नीट ऐक हं. मी टेबलावर असते ना, तिथून मी तुला झेलू शकत नाही. मी खूप लांब असते. तू पडलीस तर माझे हात पोचणार नाहीत. मला बघून निर्धास्त नाही राहायचं. कळलं?"

"हो." स्पृहाने शहाण्यासारखी मान हलवली. मग आईच्या ओढणीकडे बघून तिला हसू फुटलं. "तू आमटी सांडलीस! मला नेहमी ओरडतेस."

संहिताने मान वळवून पडदा बघितला. रेघ आधीपेक्षाही खाली आली होती. माझ्यावर विसंबू नकोस, हेसुद्धा पोरीने आईवर विसंबूनच ऐकलं होतं. सांगणारा आवाज आईचा होता, आणि पाठीला शब्द कळत नाहीत.

बाहेरच्या ध्वनिक्षेपकाचा घरघराट भिंतीतून जेमतेम जाणवला. आधीच्या संघाचं आटोपत आलं होतं.

"पुनर्चाचणी," संहिता एकदम म्हणाली. "मुख्य पंचाला एक पुनर्चाचणी घेता येते. पाठपडी."

मुजावरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. पाठपडी म्हणजे डोळे मिटून सरळ मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं. घेणाराही पंचच. खाली गुडघाभर जाड गादी असे, त्यामुळे इजा होण्याचा प्रश्न नव्हता. ती काय करणार हे त्यांना कळलं असावं, कारण ते हळूच म्हणाले, "मॅडम, मला नातवंडं आहेत. विचार करा."

"केलाय."

स्पृहा उड्या मारतच आली. घरी पलंगावर त्या दोघी हा खेळ रोज खेळत. तिने आईकडे पाठ केली, हात छातीवर घेतले, टाचा जुळवल्या. मानेवरची मऊ लव, तिच्यावर सांडलेली चमकी, आणि त्याखाली तो पट्टा, संहिताच्याच हातचा. रेघ तळाशी होती. इतकी तळाशी की पडद्यावर ती चौकटीची कडच वाटत होती.

"येऊ, आई?"

"ये."

स्पृहा मागे आली, फांदीवरून पान सुटावं तशी, कुठेही आखडलेली नाही. तिचे खांदे संहिताच्या तळव्यांना टेकले. त्यांची ऊब कळली. आणि संहिताने हात काढून घेतले.

गादीवर धप्प आवाज झाला. त्या खोलीत तो झाकणापेक्षाही मोठा वाटला.

पाटोळे "अहो!" म्हणून ओरडल्या. ऋतुजाने दुखऱ्या हाताने तोंड झाकलं. आणि पडद्यावरची पाचवी रेघ उठली, हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून तांबड्यात. वर जाऊन ती तिथेच राहिली, कापत राहिली. खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: उडवणी नामंजूर. पुकारा होईपर्यंत रेघ तांबड्यात राहिली, तर ही नामंजुरी कायम होणार होती.

पट्ट्याचं काम चोख झालं होतं. संहिताच्या मनात आलं, याहून अचूक माप मी आयुष्यात घेतलेलं नाही.

"मुद्दाम केलंत," पाटोळे दात आवळून म्हणाल्या. "पोरीला मुद्दाम पाडलंत."

"शांत राहा," मुजावर म्हणाले. "मोजणी चालू आहे."

स्पृहाला लागलं नव्हतं. ती रडलीही नाही. गादीवर उताणी पडून ती वर बघत होती, आईच्या चेहऱ्याकडे नव्हे, आईच्या हातांकडे, कोणीतरी ते बदलून ठेवल्यासारखे. मग ती कोपरावर उठली. फुगा आता खरंच वाकडा झाला होता. तो सरळ करायला संहिताचा हात पुढे झाला, आणि स्पृहाची मान किंचित मागे गेली. अगदी किंचित. पडद्यावर बघायची गरज नव्हती.

दाराच्या वरचा दिवा लुकलुकू लागला. पुकारा होणार होता. पाटोळे पडद्याकडे बघत होत्या, मुजावर घड्याळाकडे.

स्पृहा मात्र आता आईच्या डोळ्यांत बघत होती. ती उत्तराची वाट बघत होती, आणि जे उत्तर मिळेल ते तिची पाठ लगेच खरं मानणार होती. हो म्हटलं तर रेघ खाली यायला एक श्वास पुरला असता.

"आई," तिने अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून विचारलं, "तुझा हात चुकून सुटला ना?"