घाटावरचं स्वच्छ पाणी

ही गोष्ट रचलेली नाही. रुतिका माझी मावसबहीण. तिच्यासमोर घडलं तेच सांगतोय. गेल्या फेब्रुवारीतलं, कोपरखैरण्याच्या खाडीवरच्या एका घाटावरचं.

रुतिका एका लॅबमध्ये पाणी तपासते. घाटावरचं पाणी अंघोळीच्या लायक आहे का, ते दर महिन्याला बघायचं. पण खाडीच ती, गटारं तिच्यातच येणार. नमुना प्लेटवर लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मावत नसत.

त्या सकाळी ओहोटी होती.

चिखलात एक खेकडा नव्हता… बगळा नव्हता… डाससुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लेट पाहिली.

कोरी.

तिनं त्या पाण्यात मुद्दाम गटाराचं पाणी मिसळून पुन्हा लावलं. तरी… कोरी.

या पाण्यात काहीच जगत नाहीये, असं तिनं साहेबांना सांगितलं. केमिकलही सापडलं नव्हतं. मग पाणी चांगलं आहे, साहेब म्हणाले. रिपोर्ट तसाच गेला.

त्याच आठवड्यात, त्याच घाटावर तिच्या काकांचा दहावा होता. काकांना मूलबाळ नाही, म्हणून तिचा धाकटा भाऊ मितेश विधीला बसला. बुडी मारू नकोस, नळाचं पाणी अंगावर घे, असं तिनं परोपरीनं विनवलं.

"ताय, इतकी वर्षं पानी घान हाय म्हनून तूच उतरू देत नव्हतीस," तो म्हणाला. "आता चांगलं आलंय, तरी नको?"

ती टॉवेल घेऊन पायरीवर उभी राहिली.

मितेशनं बुडी मारली.

पाण्याचा आवाजच झाला नाही…

तो वर आला, हसला, अंग पुसू लागला. रुतिकाचा जीव भांड्यात पडला.

पण तिच्या माहेरी दही रोज तोच लावायचा. त्या दिवसापासून ते लागेना. सकाळी बघावं तर दूध दूधच.

दही लागतं तेही जंतूंमुळेच. थट्टा करत करत तिनं त्याच्या तळहातावरून कापसाची काडी फिरवली आणि लॅबमध्ये नेली.

प्लेट… कोरी.

माणसाचा हात कधीच असा येत नाही. मेलेल्याचाही नाही.

मितेश ठणठणीत आहे. जेवतो, कामाला जातो. डॉक्टरकडे न्यायचं तरी काय सांगून?

काल तो तिच्याकडे जेवायला आला होता. त्यानं तिच्या लेकीला मांडीवर घेतलं आणि वरणभाताचा घास कालवला. रुतिकानं झटकन पोरीला उचललं.

"ताय," तो हळूच म्हणाला, "मी काय केलं गं?"

मला फोनवर हे सांगतानाही ती रडत होती.